जिताडा : नादेय की सामुद्र?
(खाडीतील एका माशाचा अधिवास आणि मत्स्यवर्गाचा विचार)

कोकणपट्टीत व्यवसाय करणाऱ्या वैद्याला मांसाहारी रुग्णास पथ्यापथ्य सांगताना एक अडचण वारंवार येते. 'मासे पूर्ण बंद' असे सांगितले तर चार दिवसांपलीकडे ते पाळले जात नाही, आणि 'नदीचे चालतील, समुद्राचे नकोत' असे सांगितले तर रुग्ण सहजपणे विचारतो, "मग खाडीचे?" प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर साधे नाही. आपल्या संहितांतील मत्स्यवर्ग जलाशयाच्या भेदावर उभा आहे. आणि खाडी हा तर असा जलाशय की तेथे दिवसातून दोन वेळा नदीचा समुद्र होतो आणि समुद्राची नदी होते. अशा ठिकाणी वाढणाऱ्या माशाचे गुणधर्म कोणत्या गटात धरावेत, याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एकच मासा निवडला आहे. रायगड, ठाणे व रत्नागिरीकडे त्याला जिताडा वा खजुरा म्हणतात, गोव्यात चोणक. बंगालमधील भेटकी तो हाच.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात आनूप वर्गाचे पाच पोटभेद सांगून त्यांपैकी मत्स्यांचे नादेय आणि सामुद्र असे दोन प्रकार केले आहेत. नादेय मत्स्य मधुर, गुरू, स्निग्ध, उष्ण, वातहर, वृष्य आणि रक्तपित्तकर. तर सामुद्र मत्स्यही गुरू, स्निग्ध, मधुर, वातहर असले तरी फारसे पित्तकर नाहीत, मात्र कफ वाढविणारे आणि मलवृद्धी करणारे आहेत, असा त्यांचा अभिप्राय आहे. सामुद्र मत्स्य विशेष बलकारक असतात आणि त्याचे कारण ते स्वतः मांसाशी आहेत, असेही ते सांगतात. बृंहणाच्या दृष्टीने मात्र नादेयांना वरचे स्थान देतात. याखेरीज विहिरीतील, तळ्यातील, मोठ्या डोहातील आणि थोड्या पाण्यातील माशांचेही तारतम्य त्यांनी लावले आहे. चरकाचार्यांनी रोहिताला श्रेष्ठत्व देताना तो शेवाळ खातो आणि निद्रा घेत नाही अशी कारणे दिली. म्हणजे शास्त्रकारांनी केवळ नावांची यादी केली नाही. मासा राहतो कोठे, खातो काय आणि हालचाल किती करतो, यांवरून गुण ठरविण्याची रीत घालून दिली. ज्या माशाचे नाव संहितेत निर्विवादपणे ओळखता येत नाही, त्याला हीच रीत लावावयाची असते. जिताडा हा असाच अनुक्त मत्स्य आहे. त्याचा शेजारी जो पाला, म्हणजे बंगाली हिलसा, तो 'इल्लिश' या नावाने उत्तरकालीन निघंटूंत आलेला आहे. जिताड्याच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही.

जाता जाता एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. दुधासह सर्वथा निषिद्ध ठरविलेल्या चिलिचिम माशाचे वर्णन लाल डोळ्यांचा, अंगावर लाल रेषा असलेला, रोहितासारख्या आकाराचा असे आहे. जिताड्याचे डोळे अंधारात उजेड पडताच तांबूस चमकतात, म्हणून हाच चिलिचिम असावा असा तर्क कधी कधी ऐकू येतो. परंतु चिलिचिम बहुधा भूमीवर संचार करतो असेही तेथेच म्हटले आहे. जिताड्याला ते शक्य नाही आणि त्याच्या अंगावर लाल रेषाही नाहीत. तेव्हा ही एकवाक्यता मानता येत नाही. दुधासह मासा न खाण्याचा सामान्य नियम अर्थातच जिताड्यालाही लागू आहे.

ओळख आणि प्रसार

या माशाचे शास्त्रीय नाव लेटिस कॅल्कॅरिफर. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७९० मध्ये त्याचे वर्णन केले. जातिवाचक लॅटिन शब्दाचा अर्थ 'आर धारण करणारा' असा आहे. कल्ल्याच्या झाकणाजवळील हाडाला तीक्ष्ण काटा असतो आणि हयगयीने हात घालणाऱ्या कोळ्याला तो चांगलाच लक्षात राहतो. लेटिस हे प्रजातिनाम नाईल नदीतील त्याच्या भाईबंदावरून आले आहे. प्राचीन इजिप्तमधील एस्ना या नगरात तो नाईलचा मासा पूज्य होता, ग्रीक लोक त्या नगराला लॅटोपोलिस म्हणत, आणि तेथे या माशांची जतन केलेली शवेही सापडली आहेत. जिताड्याचे शरीर लांबट व दाबलेले, कपाळाची रेषा डोळ्यावर आत वळलेली, तोंड मोठे, शेपटी गोलाकार, रंग रुपेरी आणि पाठीकडे हिरवट-करडा असतो. अगदी लहान पिल्ले मात्र तपकिरी ठिपक्यांची असतात आणि त्यांच्या डोक्यावरून पाठीकडे जाणारा पांढरट पट्टा असतो. पूर्ण वाढीचा मासा दीड मीटरहून लांब होऊ शकतो आणि ६० किलोपर्यंत वजनाचे मासे नोंदले गेले आहेत. बाजारात येणारा मासा अर्थातच याहून बराच लहान असतो.

प्रसार पाहिला तर पश्चिमेस इराणच्या आखातापासून भारत, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपाईन्स, दक्षिण चीन आणि तैवानपर्यंत, व दक्षिणेस पापुआ न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत हा मासा आढळतो. ऑस्ट्रेलियात त्याला बॅरामंडी म्हणतात. हा शब्द क्वीन्सलँडमधील रॉकहॅम्प्टन परिसरातील आदिवासी भाषेतून आला असून त्याचा अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतील मासा असा सांगतात. तेथील काकाडू प्रदेशात उबिर येथील खडकांवर आदिवासींनी या माशाची चित्रे काढून ठेवली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर मेरी नदी आणि पश्चिम किनाऱ्यावर ॲशबर्टन नदी या साधारणतः त्याच्या दक्षिणेकडील सीमा मानल्या जातात. ही सीमा तापमानाने आखलेली आहे. पाणी २६ ते ३० अंश सेल्सिअस असताना तो उत्तम वाढतो, २० अंशांखाली त्याचे खाणे मंदावते आणि त्याहून फार थंड पाण्यात तो तग धरीत नाही. उष्ण कटिबंधातील संथ, गढूळ, कांदळवनाने वेढलेल्या नद्यांची मुखे हे त्याचे खरे घर.

एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात पसरलेला मासा एकच आहे का, हाही प्रश्न अलीकडे उपस्थित झाला आहे. जपानमधील मासा वेगळ्या जातीचा असल्याचे १९८४ मध्ये मांडले गेले. पुढे २०१२ मध्ये पेथियागोडा आणि गिल यांनी श्रीलंकेतील एक व म्यानमारमधील एक अशा आणखी दोन जाती वेगळ्या केल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात भारतीय प्रदेशातील, आग्नेय आशियातील आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडील असे तीन गट स्पष्टपणे निराळे दिसले. देशभेदाने द्रव्यात भेद होतो हे आपण वनस्पतींच्या बाबतीत सदैव सांगतो. जांगम द्रव्यांच्या बाबतीत मात्र सोयीस्करपणे विसरतो.

भारतात सुंदरबन व हुगळी, ओरिसातील (आजच्या ओडिशातील) चिल्का सरोवर, आंध्र-तमिळनाडूच्या सीमेवरील पुलिकत, केरळातील वेंबनाड, गोव्यातील मांडवी-जुवारी आणि आपल्याकडील खाड्या ही त्याची ठिकाणे. तमिळमध्ये त्याला कोडुवा आणि मलयाळममध्ये नारीमीन वा काळांजी म्हणतात. महाराष्ट्रात अंबा व पाताळगंगा या नद्या जिथे मिळतात ती धरमतरची खाडी, कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, सावित्रीची बाणकोटची आणि वाशिष्ठीची दाभोळची खाडी यांत तो परिचित आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात तर मोठ्या पाहुण्याचे आदरातिथ्य जिताड्यावाचून पुरे होत नाही.

दोन पाण्यांतील आयुष्य

या माशाचा जीवनक्रम समजला म्हणजे नादेय-सामुद्र हा भेद त्याच्या बाबतीत का अडखळतो ते ध्यानात येते. पाला समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. जिताड्याचा प्रवास नेमका उलटा. तो गोड्या वा निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि प्रजननासाठी खाली, खाडीच्या मुखाकडे उतरतो. अंडी टिकण्यासाठी जवळजवळ समुद्राइतका खारेपणा लागतो. दर हजार भागांत २८ ते ३२ भाग क्षार असलेले पाणी त्यास योग्य ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, संध्याकाळनंतर, भरतीच्या वेळेस हे प्रजनन होते. भरतीची निवड अर्थपूर्ण आहे. अंडी एक मिलीमीटरहूनही लहान असतात, पाण्यावर तरंगतात, आणि येणारे पाणी त्यांना बाहेर समुद्रात न नेता आत खाडीकडे लोटते. मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी देते. सुमारे १५ ते २० तासांत पिल्ले बाहेर पडतात.

यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक. उधाणाच्या भरतीने पाणी तिवरांच्या रानात, खाजणात, खारेपाटातील सखल भागांत शिरते आणि त्याबरोबर ही इवलीशी पिल्लेही शिरतात. पावसाळ्यात हीच डबकी पावसाच्या पाण्याने भरतात व जवळजवळ गोडी होतात. उन्हाने तापलेले, उथळ, कुजलेल्या पाल्याने समृद्ध असे हे पाणी सूक्ष्म जीवांनी भरलेले असते. शिकारी मासे तेथे कमी. पिल्लांना खाणे विपुल आणि भय थोडे, म्हणून वाढ झपाट्याने होते. पाऊस ओसरल्यावर डबकी आटू लागतात तशी ती खाडीच्या मुख्य प्रवाहात येतात आणि तेथून पुष्कळशी नदीत वर चढून जातात. तीन-चार वर्षांची होईपर्यंत ती गोड्या पाण्यात राहू शकतात. पापुआ न्यू गिनीतील फ्लाय नदीच्या खोऱ्यात तर आतल्या तळ्यांत वाढलेले मासे शेकडो किलोमीटर प्रवास करून किनाऱ्यावर अंडी घालण्यास जातात, हे खुणा बांधून सोडलेल्या माशांवरून सिद्ध झाले आहे.

परंतु सगळेच जिताडे नदीत चढतात असे नाही. माशाच्या कानात खड्यासारखे लहान अस्थिखंड असते आणि झाडाच्या खोडाप्रमाणे त्यात वाढीची वलये पडतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्राँशियम अधिक, गोड्या पाण्यात कमी. ते प्रमाण वलयागणिक मोजले म्हणजे मासा कोणत्या वर्षी कोणत्या पाण्यात होता याचा इतिहासच वाचता येतो. अशा परीक्षणांतून दिसले की काही मासे बालपण गोड्या पाण्यात घालवून खाली उतरतात, काही अनेकदा ये-जा करतात, तर काही जन्मभर नदीचे तोंडही पाहत नाहीत. म्हणजे एकाच खाडीत, एकाच जाळ्यात आलेल्या दोन जिताड्यांपैकी एक नादेय आणि दुसरा शुद्ध सामुद्र असू शकतो. ताटात आल्यावर त्यांत फरक करणे डोळ्याला शक्य नाही.

दोन्ही पाण्यांत राहण्याची ही शक्ती कोठून येते, हेही थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. समुद्रात बाहेरचे पाणी शरीरातील द्रवाहून अधिक खारे असल्याने माशाच्या देहातून पाणी बाहेर ओढले जाते. ती तूट भरून काढण्यासाठी तो पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशींवाटे बाहेर टाकतो. मूत्र अल्प असते. गोड्या पाण्यात नेमके उलट घडते. पाणी आत शिरत राहते, म्हणून वृक्क भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतात आणि कल्ले आसपासच्या पाण्यातून क्षार शोषून घेतात. खाडीतून नदीत जाताना जिताडा ही सारी व्यवस्था थोड्या काळात पालटू शकतो. मासा खाऱ्या पाण्यातला म्हणून त्याचे मांसही मिठासारखे खारट व लवणगुणी असते, अशी जी समजूत आहे ती यामुळे टिकत नाही. मांसातील क्षारांचे प्रमाण तो बऱ्याच अंशी स्थिर राखतो. तेव्हा उच्च रक्तदाबाच्या रुग्णास खाडीचा मासा 'खारट' म्हणून वर्ज्य करण्यापेक्षा तो शिजविताना किती मीठ घातले आणि तो खारवून सुकविलेला आहे काय, हे विचारणे अधिक उपयुक्त. संस्काराचे महत्त्व येथे जलाशयाहून मोठे आहे.

चर, लिंग आणि प्रमाण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायाच्या शेवटी मांसाची परीक्षा कोणकोणत्या अंगांनी करावी ते सांगितले आहे. त्यांत चर म्हणजे संचारस्थान व आहार, लिंग आणि प्रमाण यांचा समावेश आहे. या माशाच्या बाबतीत ही तिन्ही अंगे स्थिर नाहीत, वयाबरोबर बदलतात. चर कसा बदलतो ते वर आलेच. लिंगाचे आश्चर्य याहून मोठे.

जिताडा प्रथम नर असतो. तीन-चार वर्षांचा होताच तो नर म्हणून प्रजननात भाग घेतो. पुढे साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, लांबी मीटरभराच्या आसपास पोहोचली म्हणजे, त्याच्या वृषणांचे बीजकोशांत रूपांतर होते व उरलेले आयुष्य तो मादी म्हणून जगतो. पापुआ न्यू गिनीतील माशांचा अभ्यास करून मूर यांनी १९७९ मध्ये हे स्पष्ट केले. देशोदेशी हे वय व लांबी थोडी मागेपुढे होते, पण क्रम हाच. थोडक्यात, लहान व मध्यम जिताडे बहुतेक नर आणि फार मोठे बहुतेक मादी.

आता चरकोक्त नियम लावून पाहू. एकाच जातीत नराचे मांस गुरू व मादीचे लघू, असा एक नियम. आणि एकाच जातीत मोठ्या देहाचे प्राणी गुरू व लहान लघू, असा दुसरा. इतर पशूंच्या बाबतीत हे दोन्ही नियम सहसा एकाच दिशेने जातात, कारण नर मोठा असतो. जिताड्यात ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. १० किलोची मादी लिंगामुळे लघू म्हणावी की प्रमाणामुळे गुरू? माझ्या मते येथे प्रमाणाला प्राधान्य द्यावे. सुश्रुतांनी लिंगावरून गुरू-लाघव सांगताना चतुष्पाद आणि पक्षी यांचाच निर्देश केला आहे, मत्स्यांचा नाही. आणि वाढत्या वयाबरोबर माशात मेद वाढतो ही प्रत्यक्षातील गोष्ट आहे. प्रजननाच्या हंगामातील गाभोळी भरलेली मादी तर निश्चितच गुरू, स्निग्ध व कफकर समजावी. तज्ज्ञ वैद्यांनी यावर निराळे मत मांडल्यास त्याचे स्वागतच होईल.

राहिला आहार. पिल्ले सूक्ष्म जीव खातात, थोडी वाढली की कोलंबी व लहान मासे. मोठा जिताडा पूर्ण मांसाशी आहे. आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठा मासाही तो गिळतो, आणि स्वजातीयांनाही सोडत नाही. म्हणूनच तळ्यात वाढविताना पिल्लांची आकाराप्रमाणे वारंवार निवड करून ती वेगळी करावी लागतात. रोहित त्याच नदीत राहत असला तरी तो शेवाळ खाणारा. सुश्रुतांनी सामुद्र मत्स्यांच्या बलकारकत्वाचे कारण मांसाशित्व दिले आहे, ते जिताड्यास तंतोतंत लागू पडते, मग तो नदीत पकडलेला असो वा खाडीत. या सर्वाचा विचार करता जिताडा मधुर, गुरू, स्निग्ध, उष्ण, वातहर, बृंहण व वृष्य मानावा. जागा नदीची असली तरी गुणांनी तो सामुद्र गटाच्या जवळ ठेवावा, आणि रोहिताचा प्रतिनिधी म्हणून कदापि वापरू नये. कृश, वातप्रधान, शुक्रक्षय असलेल्या परंतु अग्नी चांगला असलेल्या रुग्णास लहान जिताड्याचा रस्सा युक्तीने देता येईल. कुष्ठ, रक्तपित्त, प्रमेह, आमवात आणि अभिष्यंदाची प्रवृत्ती असलेल्यांना 'हा नदीचाच आहे' या सबबीखाली सवलत देऊ नये.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने येथेच एक मुद्दा मांडतो. पंचपित्तांत मत्स्यपित्त येते आणि काही रसकल्पांत त्याची भावना सांगितली आहे. मत्स्यपित्त या शब्दाने परंपरेत बहुधा रोहिताचे पित्त घेतले जाते. पुरवठादार मात्र जो मासा हाती लागेल त्याचे पित्ताशय देतो. रोहित व त्याच्या कुळातील माशांच्या पित्तात सायप्रिनॉल गटातील विषारी घटक असतात. कच्चे पित्ताशय गिळल्याने तीव्र वृक्कघात व यकृतविकार झालेले रुग्ण भारतात व पूर्व आशियात नोंदले गेले आहेत. जिताड्याचे कूळ वेगळे आणि पित्ताची घडणही वेगळी. दोन्हींना 'मत्स्यपित्त' या एकाच नावाखाली एका बरणीत ठेवणे हे द्रव्यनिश्चितीच्या तत्त्वाला सोडून आहे. माशाची जात, उगमस्थान आणि प्राप्तीची तारीख नोंदविल्याशिवाय असे द्रव्य स्वीकारू नये, आणि कोणत्याही माशाचे कच्चे पित्ताशय दृष्टी सुधारण्यासाठी वा अन्य कारणासाठी मागणाऱ्या ग्राहकाला ते देऊ नये.

आजचा जिताडा

संहिताकारांच्या काळी नसलेला एक चौथा जलाशय आज निर्माण झाला आहे, तो म्हणजे मत्स्यपालकाचा. खारेपाटातील शेतकरी पूर्वापार घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवीत आले आहेत. पावसाळ्यात खाडीकाठच्या डबक्यांतून पिल्ले धरून आणावयाची, तळ्यात सोडावयाची, लहान मासे व कोलंबी खाऊ घालून ती पोसावयाची. हा तळ्यातील मासा सुश्रुतांच्या वाप्य-ताडाग गटाशी जुळतो. परंतु आता बीजही कृत्रिम आहे. थायलंडमधील सोंगख्ला येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी कृत्रिम प्रजनन साधले गेले, आणि चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये भारतात बंदिस्त माशांपासून बीजनिर्मिती यशस्वी केली. खुल्या समुद्रातील पिंजऱ्यात हा मासा वाढविण्याचा प्रयोग विशाखापट्टणमजवळ २००७ मध्ये झाला. महाराष्ट्रात कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतून खाडीतील पिंजऱ्यांत जिताडा पाळला जातो. पिंजऱ्यातील माशाला फिरण्यास जागा थोडी आणि खाद्य तयार गोळ्यांचे, त्यामुळे त्यात मेद अधिक असतो. व्यायाम नसलेल्या, स्निग्ध खाद्यावर पोसलेल्या प्राण्याचे मांस गुरू, हे सांगण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. हॉटेलांत जिताड्याच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या पांढऱ्या काटेविरहित तुकड्यांत परदेशातून गोठवून आणलेला बासा असण्याचा संभव असतो. तो तर पूर्णपणे वेगळ्या कुळातील, कातडीवर खवले नसलेला मासा होय. जिताड्याचे खवले मोठे असतात, म्हणून ग्राहकाने कातडीसह तुकडा मागावा.

नैसर्गिक जिताडा मात्र आपल्या खाड्यांत दिवसेंदिवस दुर्मिळ होत असल्याचे कोळी बांधव सांगतात, आणि त्याचा जीवनक्रम पाहता त्यात नवल नाही. त्याला समुद्र, तिवरांचे रान, उथळ डबकी आणि नदी अशा चार जागा लागतात व चारींमधील वाट मोकळी लागते. यांतील एकही दुवा तुटला तर साखळी पुढे सरकत नाही. भराव घालून खाजणे बुजविली की बालपणाची जागा जाते. नदीवर बंधारा घातला की वर चढण्याची वाट जाते. पावसाचे पाणी धरणात अडले की खाडीत येणारा पूर मंदावतो. ऑस्ट्रेलियातील फिट्झरॉय नदीच्या मुखाकडील माशांची वलये मोजली असता असे दिसले की ज्या वर्षी पूर मोठा, त्या वर्षी जन्मलेल्या माशांची संख्याही मोठी. त्याच नदीवर रॉकहॅम्प्टन येथे १९७० मध्ये बंधारा झाला. माशांसाठी ठेवलेली वाट नीट उपयोगी पडत नव्हती. ती १९९४ मध्ये नव्याने बांधल्यावर जिताड्यासह अनेक जातींचे मासे वर जाऊ लागले. आपल्याकडील खारभूमीच्या बांधांना उघाड्या असतात. त्या पावसाळ्यात कधी व किती उघडल्या जातात, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ व २०१८ मध्ये कांदळवनांच्या रक्षणार्थ दिलेले आदेश आणि २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष यांमुळे तिवरांच्या तोडीला काही प्रमाणात आळा बसला आहे. परंतु तिवर उभे असूनही त्याकडे जाणारे पाणी अडविलेले असेल तर माशाच्या दृष्टीने ते रान बंदच समजावयाचे.

वैद्यांसाठी या अधिवासाचा आणखी एक अर्थ आहे. खाडीच्या तळाशी गाळ साचतो आणि औद्योगिक सांडपाण्यातील जड धातूही त्याबरोबर साचतात. पारद तेथे सूक्ष्म जीवांच्या क्रियेने सेंद्रिय रूप धारण करतो. ते रूप लहान जिवांतून लहान माशांत, तेथून जिताड्यासारख्या शिकारी माशांत चढत जाते आणि मासा जितका मोठा व वयस्क तितके अधिक साठते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला विकार याच मार्गाने माणसांपर्यंत पोहोचला होता. गर्भिणी, स्तनदा माता व लहान मुले यांना कारखानदारीच्या पट्ट्यातील खाड्यांमधला मोठा जिताडा वारंवार देऊ नये. रसकल्पांचे सेवन चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात पारद अधिक आढळल्यास त्याचा मत्स्याहारही विचारात घ्यावा, अन्यथा दोष कोणाचा हे ठरविणे कठीण होते.

तेव्हा रुग्णपत्रिकेत आहाराच्या रकान्यात नुसते 'मत्स्याहार' असे लिहून भागणार नाही. मासा कोणता, धरलेला की पाळलेला, कोणत्या खाडीचा, ताजा की गोठविलेला वा सुकविलेला, आणि अख्खा मासा साधारण किती वजनाचा होता, एवढे विचारण्यास दोन मिनिटे लागतात. आपल्या बंधूंपैकी पेण, अलिबाग, महाड, चिपळूण व ठाणे परिसरात व्यवसाय करणाऱ्यांनी अशा नोंदी सलग दोन पावसाळे ठेवल्या, तर तळ्यातील व खाडीतील जिताड्याच्या गुणांत अनुभवास येणारा फरक त्यांतून तपासून पाहता येईल.